गंधासाठी जपलेली आमरी

फूल हातात आलं की ते आधी नाकाशी नेणं ही आपली जुनीच सवय. देवाच्या परडीतल्या फुलांचा वास घ्यायचा नाही, असं घरातल्या मुलांना बजावून सांगावं लागतं, ते या सवयीमुळेच. पण सत्काराच्या गुच्छात किंवा लग्नाच्या स्टेजवर ऑर्किडची फुलं दिसतात तेव्हा कुणी वाकून त्यांचा वास घेत नाही. जांभळी, पांढरी, मेणातून कोरल्यासारखी ती फुलं आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस टिकतात. ती पाहायची, फोटोत येऊ द्यायची आणि सोडून द्यायची. ऑर्किड म्हणजे महागडं पण बिनवासाचं फूल, असा आपला समज झाला आहे आणि बाजारात जे मिळतं ते पाहता तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

आपल्या भाषेत या फुलाला आमरी असं छान नाव आहे. या आमरीचा इतिहास उलगडून पाहिला, तर गंमत अशी दिसते की माणसानं तिला रानातून उचलून घरातल्या कुंडीत लावली ती रंगासाठी नव्हे. लावली ती वासासाठी. रंगाचं वेड फार पुढचं, जेमतेम दोनशे वर्षांचं. वासाची ओढ त्याच्याही सहाशे वर्षं आधी ग्रंथांत नोंदलेली आहे, आणि ती नोंद चीनमधली आहे.

चीनमध्ये या फुलाला ‘लान’ म्हणतात. लानची गोष्ट सांगताना तिथले लोक थेट कन्फ्यूशियसपर्यंत मागे जातात. राजाश्रय शोधत देशोदेशी फिरून, हाती काही न लागता तो आपल्या लू राज्याकडे परत निघाला होता. वाटेत एका निर्जन दरीत, गवताच्या गर्दीत त्याला लान फुललेली दिसली. राजाच्या दरबारात दरवळावा असा हा सुगंध आणि तो इथं तणात उगवलाय, असं म्हणून तो खिन्न झाला आणि त्यानं आपलं तंतुवाद्य काढून एक धून वाजवली, अशी कथा आहे. आपली किंमत न ओळखली गेलेल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला ही कथा आपलीच वाटली, यात नवल नाही. चीनमध्ये अशा माणसांची कधीच वाण नव्हती.

आता यात एक मेख आहे. कन्फ्यूशियसची लान ही आमरी नसावीच, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. त्या काळी लान म्हणत ती बहुधा युपाटोरियम कुळातली, पानांनाच वास असलेली एक वनस्पती. ती आंघोळीच्या पाण्यात घालत, वाळवून पुरचुंडीत बांधत, अंगावर बाळगत. ही शंका आजच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी काढलेली नाही. बाराव्या शतकातला थोर तत्त्वज्ञ चू शी यानंच ती काढली होती. त्याचं म्हणणं साधं होतं. जुन्या ग्रंथांतल्या लानची पानंही वासाची आणि ती वाळली तरी वास राहणारा. आपल्या कुंडीतल्या लानच्या पानाला वास नाही आणि फूल सुकलं की सगळंच संपलं. मग ही अंगावर बाळगायची कशी? शंका बिनतोड होती. पण तोवर नाव नव्या झाडाला चिकटलं होतं आणि नावाबरोबर कन्फ्यूशियसची सारी पुण्याईही त्याच्याकडे आली होती.

हे नवं झाड म्हणजे सिंबिडियम. आज फुलवाल्यांकडे मिळणारी हातभर दांड्यांची, जाड पाकळ्यांची संकरित सिंबिडियम डोळ्यांपुढे आणू नका. चिनी लान म्हणजे गवताच्या ठोंबासारखी अरुंद, कमानदार पानं आणि त्यांच्या बुडाशी, पाहिलं तरच दिसावं असं एखादं हिरवट-पिवळट फूल. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ‘एवढंच?’ असं वाटावं. सुंग राजवटीतला कवी आणि सुलेखनकार हुआंग थिंगज्यान (१०४५ ते ११०५) यानं लान आणि हुई या दोन प्रकारांतला फरक सांगून ठेवला आहे. एका दांड्यावर एकच फूल आणि वास भरपूर, ती लान. एका दांड्यावर पाच-सात फुलं आणि वास कमी, ती हुई. पाहा, वर्गवारी करताना हा माणूस फुलं मोजतो आणि वास जोखतो. रंगाची गोष्टच काढत नाही.

लानच्या वासाची तऱ्हाही न्यारी. रातराणीसारखा तो अंगावर येत नाही. फुलाला नाक लावलं तर कधी कधी काहीच लागत नाही आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला वाचत बसलेल्या माणसाला अचानक एक झुळूक येऊन जाते. चिनी रसिकांना हे लपतछपत येणंच सर्वांत मोलाचं वाटत आलं आहे. त्यावरून सत्संगाचा एक दृष्टान्तही त्यांच्याकडे रूढ आहे. लान ठेवलेल्या खोलीत थोडा वेळ बसलं की तिचा वास जाणवेनासा होतो, कारण तो आपल्यात मुरलेला असतो. चांगल्या माणसांच्या सहवासाचंही तसंच. नाक एका वासाला सरावतं, हे आजचं विज्ञानही सांगतं. वसंतात फुलणाऱ्या लानच्या वासाचं रसायनही तपासलं गेलं आहे. चमेलीच्या अत्तरात मिथाइल जास्मोनेट नावाचं द्रव्य असतं, त्याचंच एक भावंड या फुलात सापडतं.

इसवी सन १२३३ मध्ये चाव शरकंग नावाच्या गृहस्थानं फूज्यान प्रांतातल्या चांगचौ भागातल्या लानवर एक छोटा ग्रंथ लिहिला. केवळ आमरी या एकाच विषयाला वाहिलेला, आज उपलब्ध असलेला हा जगातला सर्वांत जुना ग्रंथ मानतात. पाठोपाठ १२४७ मध्ये वांग ग्वेश्वे यानं दुसरा लिहिला. चाव हा सुंग राजघराण्याच्या गोतावळ्यातला. त्याच्या पुस्तकाचे पाच छोटे भाग आहेत. त्यात लानच्या जातींचं रूप, त्यांची प्रतवारी, त्यांची निगा, लावणी आणि पाणी देणं अशा गोष्टी येतात. हे नुसतं रसिकाचं कौतुक नाही. हात मातीत घातलेल्या माणसानं लिहिलेलं आहे. प्रत्येक जातीची माती वेगळी आणि तहान वेगळी, हे त्याला ठाऊक होतं. आपल्याकडे आजही कुंडी आणली की सगळ्यांना एकाच झारीनं सारखं पाणी घालतात, तेव्हा मला या आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाची आठवण येते.

पुढे या अनुभवाचा अर्क चार ऋतूंच्या चार सूचनांत उतरला आणि तोंडोतोंडी पसरला. वसंतात कुंडी घाईनं बाहेर काढू नये, उन्हाळ्यात उन्हात ठेवू नये, शरदात कोरडी पडू देऊ नये, हिवाळ्यात ओली ठेवू नये. चीनमधल्या माळ्याला हे पाठ असतं. आपल्याकडे यात पावसाळ्याचं पाचवं कलम घालावं लागेल, कारण आमरी मरते ती बहुधा तहानेनं नाही, मुळं कुजून मरते.

लानचं झाड नुसतं हौसेचं राहिलं नाही, ते निष्ठेचं चिन्ह कसं बनलं, याची एक हकीकत फार प्रसिद्ध आहे. तेराव्या शतकात मंगोलांनी चीन जिंकायला घेतला आणि १२७९ मध्ये सुंग राजवट संपली. चंग सश्याव (१२४१ ते १३१८) हा फूज्यानचा विद्वान तेव्हा अडतीस वर्षांचा होता. त्यानं नव्या सत्तेची चाकरी नाकारली. सूचौला राहिला. बसताना तोंड दक्षिणेकडे, म्हणजे गेलेल्या राजवटीच्या दिशेला करायचं आणि पाठ उत्तरेकडे, असा त्याचा नेम होता. हा माणूस शाईनं लान रंगवायचा. चार-सहा पानं, एखादं फूल. पण त्याच्या चित्रात मुळांखाली जमीन नसे. का, असं विचारल्यावर तो म्हणे की जमीन परक्यांनी चोरली, तुम्हाला ठाऊक नाही का? त्याचं १३०६ मधलं असं एक चित्र आज जपानमध्ये ओसाकाच्या कलासंग्रहालयात आहे. एका अधिकाऱ्यानं त्याच्यावर करासाठी दडपण आणून चित्र मिळवायचा प्रयत्न केला, तेव्हा माझं डोकं मिळेल, लान मिळणार नाही, असं त्यानं सुनावलं, असंही सांगतात. हे चित्र छापील पुस्तकात पाहिलं तर फार साधं वाटतं. अधांतरी तरंगणारी पानं, बस. सत्तावीस वर्षांपूर्वी बुडालेल्या राज्यासाठी म्हातारपणी काढलेलं ते चित्र आहे, हे समजल्यावर मात्र त्या रिकाम्या कागदाकडे पुन्हा पाहावंसं वाटतं.

कुंडीतल्या लानचा आणखी एक विशेष सांगायला हवा. तिची वाढ ठोंबातून होते आणि ठोंब फोडून वाटला की प्रत्येक वाट्याचं झाड अगदी तेच असतं. आंब्याच्या कोयीसारखा इथं भरवसा नसतो असं नाही. ‘सुंग मेई’ नावाचा एक नामांकित वाण अठराव्या शतकात, च्यानलुंग सम्राटाच्या काळात शावशिंगमध्ये निवडला गेला. तो आजही जिवंत आहे. त्याची मुलं-नातवंडं नव्हेत, तेच झाड. अडीचशे वर्षं या घरातून त्या घरात वाटे होत होत आलेलं. मधे बंडं झाली, राजे गेले, युद्धं झाली, सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत अशा हौशी म्हणजे सरंजामी थेर ठरले आणि तरी कुणीतरी कुठल्यातरी परसात पाणी घालत राहिलं. सेनापती चू द हे माओंचे जुने सहकारी स्वतः लानचे नादिष्ट होते.

पुढे पैसा आला आणि उलटंच घडलं. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनमध्ये दुर्मीळ लानचा सट्टा चालला. एकेका ठोंबाला घराची किंमत येऊ लागली. लोक डोंगर पालथे घालून रानटी लान उपटू लागले, न जाणो एखादं वेगळं फूल निघायचं! मग भाव कोसळले आणि डोंगर मात्र रिकामे झाले. २०२१ मध्ये चीन सरकारनं रानटी सिंबिडियमच्या जवळजवळ सगळ्या जाती राष्ट्रीय संरक्षित यादीत घातल्या.

चीनमध्ये पंडितांनी लान जपली, तर जपानमध्ये तलवारवाल्यांनी एक वेगळीच आमरी जवळ केली. तिचं नाव फूरान, म्हणजे वाऱ्यावरची लान. ही मातीत वाढत नाही. जुन्या झाडांच्या फांद्यांना, कातळांना मुळांनी मिठी मारून राहते. झाड वीतभरही उंच नसतं. उन्हाळ्यात पांढरी शुभ्र फुलं येतात, प्रत्येक फुलामागे लांब, वळलेली शेपटी. दिवसा वास बेताचाच, पण अंधार पडला की जुई आणि अनंत यांच्या मधला म्हणावा असा गोड गंध सुटतो. पांढरा रंग, रात्रीचा वास आणि शेपटीच्या टोकाला मध, या तीन खुणा एकत्र दिसल्या की समजावं, हे फूल पतंगांसाठी आहे. लांब सोंडेचे पतंग अंधारात वासाच्या मागावर येतात. आपण मधल्या मधे फुकटचे धनी.

एदोच्या अकराव्या शोगुनला, तोकुगावा इयेनारीला (कारकीर्द १७८७ ते १८३७) या फूरानचं विलक्षण वेड होतं. या इयेनारीला पन्नासहून अधिक मुलं होती, त्यामुळे त्याला हौसेला वेळ कसा मिळे, असा प्रश्न पडतो. शोगुनला जे आवडतं ते सरदारांना आवडू लागतं, हे सगळीकडचंच. सरदार आपापल्या मुलखातून निवडक झाडं त्याला नजर करू लागले. कुंडीवर सोन्याचांदीच्या तारेची जाळी घालत आणि पाहणाऱ्यानं आपला श्वास झाडावर पडू नये म्हणून तोंडापुढे कागद धरायचा, असं सांगतात. लांबच्या प्रवासात पालखीत फूरान ठेवण्याचीही कथा आहे. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत तिकडे हे चाललं होतं.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. या दरबारी हौसेत डोळ्यानं नाकावर मात केली. भाव ठरे तो पानावरच्या पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून, पानांच्या वळणावरून, मुळाच्या टोकाच्या रंगावरून. वास तर काय, सगळ्याच फूरानना होता. रानातल्या साध्या, हिरव्या पानांच्या झाडालाही तोच, फुकट. जपानमध्ये निवडक फूरानना ‘फूकीरान’, म्हणजे संपत्ती आणि प्रतिष्ठेची आमरी, असं नाव पडलं आणि त्यांच्या हौशी मंडळींची संस्था सुमो पहिलवानांच्या क्रमवारीसारखी वाणांची क्रमवारी छापते. रानातली साधी फूरान मात्र ओरबाडून नेल्यामुळे दुर्मीळ झाली आणि धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत गेली.

फूरानला शास्त्रीय नाव दिलं ते कार्ल पीटर थुनबेरी या स्वीडिश वैद्यानं, १७८४ मध्ये. तो डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य म्हणून नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर राहून आला होता. नंतर या झाडाला बरीच नावं लागली आणि २०१२ मध्ये अभ्यासकांनी त्याला ‘वांडा’ या प्रजातीत घातलं. आता ते वांडा फाल्काटा. आणि वांडा हा शब्द कुठला म्हणाल, तर संस्कृत. झाडावर वाढणाऱ्या झाडाला आपल्याकडे ‘वंदा’ म्हणत, त्यावरून सर विल्यम जोन्स यांनी तो उचलला आणि त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ मध्ये छापलेल्या लेखातून तो शास्त्रात आला. सामुराईंची लाडकी आमरी आज संस्कृत आडनाव लावते. वंदा या शब्दात बांडगूळही आलं, पण आमरी बांडगूळ नाही. ती फांदीचा फक्त आधार घेते, रस शोषत नाही. ‘झाड खाईल’ म्हणून आंब्यावरची आमरी तोडून टाकणाऱ्यांना हे सांगायला हवं.

थुनबेरीच्या शंभर वर्षं आधी याच डच कंपनीच्या कोचीनच्या अधिकाऱ्यानं, हेन्ड्रिक व्हान रेडे यानं, मलबारच्या वनस्पतींचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात तो अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्याचं काम केवळ गोऱ्यांचं नव्हतं. इट्टी अच्युतन हे केरळीय वैद्य त्यात होते आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांचं १६७५ मधलं प्रमाणपत्र कोकणी भाषेत, नागरी लिपीत ग्रंथाच्या सुरुवातीला छापलेलं आहे. बाराव्या खंडात आमऱ्या येतात आणि त्यांत आपली ‘सीतेची वेणी’ आहे. मे-जूनच्या सुमारास सह्याद्रीतल्या झाडांवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचा जो भरगच्च गजरा लोंबताना दिसतो, तीच. आसामात तिला कपौ फूल म्हणतात आणि बिहूच्या नाचात मुली ती केसांत माळतात. हजारो मैलांवरच्या दोन मुलखांतल्या बायकांना हे फूल पाहून केसच आठवावेत, हे मला फार आवडतं.

आता युरोप. तिथला अध्याय थोडक्यात सांगतो, कारण तो पुष्कळदा सांगितला गेला आहे. १८१८ मध्ये ब्राझीलहून आलेलं एक झाड विल्यम कॅटली यांच्या इंग्लंडमधल्या काचघरात फुललं. मोठं, जांभळट, झालरीच्या ओठाचं फूल. त्याचं नाव कॅटलिया पडलं आणि इंग्लंडच्या श्रीमंतांना ऑर्किडचं खूळ लागलं. कॅटलियाला वासही आहे, चांगला आहे. पण बोली लागे ती आकाराला आणि रंगाला. व्यापारी कंपन्यांनी दक्षिण अमेरिकेत माणसं धाडली. त्यांतल्या आल्बर्ट मिलिकन यानं १८९१ च्या आपल्या पुस्तकात कोलंबियातला एक हिशेब निर्विकारपणे लिहून ठेवला आहे. सुमारे दहा हजार रोपं गोळा करण्यासाठी चार हजार झाडं तोडली. बरीचशी रोपं जहाजातच सडायची, ते वेगळंच.

हे थांबण्याची शक्यता १९२२ मध्ये निर्माण झाली. आमरीचं बी धुळीसारखं बारीक. त्यात शिदोरी नसते, रानात एक बुरशी तिला भरवते म्हणून ते रुजतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नड्सन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर, बुरशीवाचून ते बाटलीत रुजवून दाखवलं. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून एकसारखी रोपं वाढवण्याची रीत दिली. राजेरजवाड्यांचं फूल दुकानात आलं. १९७५ पासून रानटी ऑर्किडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रणही आहे.

पण या स्वस्ताईत वास हरवला. तो कुणी मुद्दाम काढून टाकला नाही. त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लक्षच दिलं नाही. संकर करणाऱ्यानं पाकळी मोठी पाहिली, दांडा सरळ पाहिला, फूल किती दिवस टिकतं ते पाहिलं, खोक्यात मावतं का ते पाहिलं. नाक कुणी लावलंच नाही. दुकानात सर्वांत जास्त दिसणारी पांढरी फॅलेनॉप्सिस ज्या रानजातींपासून आली, त्यांना मुळातच फारसा वास नव्हता. तिच्याच नात्यातली फॅलेनॉप्सिस बेलिना सुंदर वासाची, पण तिची फुलं लहान, दांडा आखूड आणि फुलं एका वेळी एखाद-दुसरंच. बाजाराला ते परवडत नाही. माझ्या मते हे बाजाराचं नुकसान आहे. आठवडाभर टिकणारं पण घरभर दरवळणारं फूल लोक हौसेनं घेतील. १९८३ साली नोंदलेल्या ऑन्सिडियम ‘शॅरी बेबी’ या संकराची लोकप्रियता अजून टिकून आहे, ती केवळ त्याला चॉकलेटसारखा वास येतो म्हणून.

मग आपल्या घरात काय लावावं? मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत ब्रासाव्होला नोडोसा हे मध्य अमेरिकेतलं झाड सुखानं राहतं. पेन्सिलीसारखी गोल पानं, पांढरी फुलं आणि फूरानसारखाच रात्रीचा दरवळ. ऱ्हिन्कोस्टायलिस जायगँटिया ही सीतेच्या वेणीची आग्नेय आशियातली मोठी बहीण. थंडीच्या दिवसांत फुलते आणि तिला लिंबू-संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. चिनी लानपैकी सिंबिडियम एन्सिफोलियम ही जात उकाडा सोसते, ‘चार ऋतूंची लान’ असं तिचं नावच आहे. वसंतातली लान मात्र थंडीवाचून कळी धरत नाही, तिचा हट्ट मुंबईत धरू नये. झाडावरच्या आमऱ्यांना माती लागत नाही. लोणारी कोळसा, विटांचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे पुरतात. मुळांभोवती हवा खेळली पाहिजे आणि पाणी घातल्यावर काही तासांत ती कोरडी झाली पाहिजेत.

विकत घेताना फुललेलं झाड घ्या आणि त्या त्या जातीच्या वासाच्या वेळी जाऊन घ्या. रात्री फुलणाऱ्या झाडाचा वास दुपारी दुकानात लागत नाही आणि दुकानदार खोटं बोलतो असं वाटतं. रोप बाटलीतून, रोपवाटिकेत वाढवलेलं आहे ना, हेही विचारा. घाटात, जत्रांत फांदीचं साल चिकटलेली आमरी विकायला बसलेले दिसतात. ती रानातून ओढून काढलेली असते, स्वस्त असते आणि पुष्कळदा वर्षभरात मरते. सेंट झेवियर्सचे फादर सांतापाव आणि कपाडिया यांचा मुंबई इलाख्यातल्या आमऱ्यांवरचा १९६६ चा ग्रंथ पाहिला, तर सह्याद्रीची ही दौलत केवढी आहे ते कळतं. त्यातल्या काही तर कुंडीत येतच नाहीत. पावसाळ्यात आपल्या पठारांवर गवतात हबेनारिया नावाच्या आमऱ्या फुलतात. त्यांतल्या एकीच्या पांढऱ्या फुलामागे बोटापेक्षाही लांब शेपटी असते आणि संध्याकाळ कलल्यावर तिचा वास सुटतो. तिचा कंद उकरून घरी आणला तर तो तिथल्या मातीवाचून, तिथल्या बुरशीवाचून जगत नाही. तिच्यासाठी पठारावरच जावं, आणि गर्दी परतल्यावर थोडं थांबावं.

लान लावणाऱ्यांसाठी शेवटची एक सूचना. कुंडी ठोंबांनी भरली की फुलोरा संपल्यावर ती मोकळी करावी, कुजकी मुळं कापावीत आणि वाटे करावेत. शेजारीपाजारी देताना हात आखडू नये, पण एकेक कंद सुटा करून देऊ नये. तीन-चार कंद एकत्र राहू द्यावेत. एकटा कंद जगतो, पण त्याला फूल यायला दोन-तीन वर्षं वाट पाहावी लागते.